फ्री चर्च, 'स्काच कबरस्तान' आणि आमचे खापरपणजोबा : कुठे शोधावं?

चित्रकलेच्या बाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मूळची गिरगावची, आता बोरिवलीकर. शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

बाबा गेल्यावर घर आवरताना आजोबांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हाती लागलं. मागचा पुठ्ठा वाळवीने फस्त केलाय, पण सुरुवातीचं कोरं पान शाबूत आहे. त्यावर चार वेगवेगळ्या हातांची अक्षरं आहेत. जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. आमच्याकडे कुंडल्या नसतात, त्यामुळे हीच कुंडली. सगळ्यांत वरची ओळ बोरूची, वळणदार:

'बाप्तिस्मा १८५८, फ्री चर्च, मुंबई. प्रभूत निजले जून १८७२. स्काच कबरस्तान.'

हे माझे खापरपणजोबा. त्यांच्याबद्दल घरात एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ते दापोलीकडच्या एका खेड्यातले. शिकायला मुंबईला आले, खेतवाडीत मिशनच्या शाळेत गेले आणि सतरा-अठराव्या वर्षी ख्रिस्ती झाले. गावी बातमी पोचली तेव्हा वडिलांनी त्यांचं घटश्राद्ध घातलं. मुलगा मुंबईत जिवंत, धडधाकट, आणि इकडे त्याच्या नावाने घडा फोडून आंघोळी केल्या. त्या दिवसाचं आजीला सगळं पाठ होतं, जणू ती तिथे उभी होती. घडा कुणी उचलला, चुलत्यांपैकी कोण मुद्दाम शेतावर निघून गेलं, त्यांची आई माजघरातल्या खांबाला धरून कशी बसली आणि संध्याकाळपर्यंत उठलीच नाही. आणि हा माणूस खरोखर गेला, बत्तिसाव्या वर्षी, त्याबद्दल मात्र आमच्याकडे ही एवढी एक ओळ. कशाने गेले, कुणी पुरलं, कुठे, काही नाही.

पानाच्या खाली एक छापील चिठोरी डकवलेली आहे. तिच्यावर एक चित्र आहे : गोल चौकट, मध्ये झुडूप, त्यातून वर निघालेल्या टोकदार रेघा. लहानपणी मी तिला तुळस समजायचे आणि रेघा म्हणजे मंजिऱ्या. ख्रिस्ती घरातल्या शास्त्रात तुळस कशी, असं आजीला विचारल्यावर ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, पण उत्तर काही दिलं नाही. आता पाहते तर त्या ज्वाळा आहेत. एवढी वर्षं मुलांना रेषा शिकवल्या आणि घरातली रेषा वाचता आली नाही.

आम्ही आज सी. एन. आय. म्हणजे उत्तर भारतीय चर्चचे सभासद. 'फ्री चर्च' हे नाव कुणाच्याच तोंडी नाही. एका कार्यालयात विचारायला गेले तर समोरच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "प्रेस्बिटेरियन वगैरे इथे काही नाही, मॅडम." बाबांना शिवडीला ठेवलंय, आजोबाही तिथेच होते. मग 'स्काच कबरस्तान' म्हणजे शिवडीच का? आणि दगड असेल का हो त्यांच्या नावाचा? मला फक्त एकदा तिथे उभं राहायचं आहे.

फोर्टातला फिरस्ता

ताई, तुमचा शोध फोर्टात संपेल असं वाटतं. सिंहद्वाराजवळचं, म्हणजे लायन गेटजवळचं सेंट अँड्र्यूज चर्च बघा. जुने लोक त्याला 'स्कॉट्स कर्क' म्हणत. मुंबईतलं प्रेस्बिटेरियनांचं, म्हणजे स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट पंथाचं, पहिलं देऊळ तेच (देऊळ शब्द जुन्या मराठी ख्रिस्ती लिखाणातला आहे, माझा नाही).

याची कथा मजेची आहे. १८१३ साली कंपनी सरकारच्या सनदेचं नूतनीकरण झालं. तोवर सरकारी पगारी धर्मोपदेशक फक्त इंग्लंडच्या चर्चचे. कंपनीत स्कॉटिश माणसं मुबलक, ती आमचाही माणूस हवा म्हणून धरून बसली. मग प्रत्येक इलाख्याच्या राजधानीला एकेक स्कॉटिश चॅप्लेन मंजूर झाला. मुंबईला १८१५ मध्ये जेम्स क्लो आले आणि १८१९ मध्ये चर्च उभं राहिलं. १८२६ साली मनोऱ्यावर वीज कोसळली आणि तो नव्याने बांधावा लागला. हे क्लो पुढे निवृत्त होऊन ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेले आणि तिथल्या प्रेस्बिटेरियनांचेही आद्य उपदेशक ठरले. एकाच माणसाच्या वाट्याला दोन शहरांत पायंडा पाडायचं काम आलं.

चर्चच्या समोर घुमटाचं बर्फघर होतं. अमेरिकेतून जहाजाने आलेला बर्फ तिथे साठवायचे. मी हेरिटेज वॉक घेतो तेव्हा लोकांना चर्चपेक्षा बर्फातच जास्त रस असतो, काय करणार.

तिथल्या नोंदवह्यांत तुमचे खापरपणजोबा सापडावेत. चॅप्लेनच्या वह्यांच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

जुना जुळारी

फिरस्ते, माहिती छान, पण ताईंना भलत्या दारात उभं केलंत.

सेंट अँड्र्यूज हे साहेबलोकांचं चर्च. फौजेतले, कंपनीतले, पेढ्यांवरचे स्कॉटिश लोक तिथे जात. दापोलीचा मराठी पोरगा १८५८ साली बाप्तिस्मा घेतो तो तिथे नव्हे. आणि त्यांच्या शास्त्रात 'फ्री चर्च' असं स्वच्छ लिहिलंय. सेंट अँड्र्यूज हे तेव्हा फ्री चर्च नव्हतंच! उलट फ्री चर्चवाले ज्यांच्यातून फुटले त्यांचं ते होतं.

मी आधी ओळख देतो. छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवले. ख्रिस्ती पुस्तकं, लग्नपत्रिका, चर्चच्या मंडळीचे अहवाल, मृत्यूची पत्रकं, सगळं हातून गेलं. आम्ही भायखळ्याकडचे, अमेरिकन मराठी मिशनवाले. आमचे गॉर्डन हॉल १८१३ लाच मुंबईत उतरले होते, तेव्हा पहिलेपणाचा मान आमचा. पण आम्ही मुख्यतः काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणारे, म्हणून या भांडणात मी तटस्थ.

ताई, तुमचं मूळ घर म्हणजे गिरगावातली आंब्रोलीची मंडळी. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत आले. आल्या आल्या मराठी शिकायला कुठे गेले असतील? बाणकोट आणि हर्णैला, तुमच्या दापोलीच्या किनाऱ्यावर. तिथे स्कॉटिश मिशनरी आधीपासून होते. मराठी घोटून परत आले आणि १८३१ साली प्रेस्बिटेरियन पद्धतीची एतद्देशीय मंडळी स्थापन केली. हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला तोही याच सुमाराचा. १८३२ ला शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज. चौपाटीवरची इमारत मात्र १८८९ ची, ती विल्सननी पाहिली नाही.

आता 'फ्री' कुठून आलं. स्कॉटलंडमध्ये एक जुनं दुखणं होतं : गावाचा पाळक कोण हे तिथला जमीनदार ठरवणार, मंडळीने मुकाट मान्य करायचं. लोक म्हणाले, पाळक आमचा, निवड आमची. सरकारी कोर्टं जमीनदाराच्या बाजूने गेली. १८४३ च्या मे महिन्यात एडिंबरोच्या महासभेतून शेकडो पाळक उठून बाहेर पडले. घर सोडलं, पगार सोडला, देवळं सोडली. त्यांचं ते फ्री चर्च. इकडे मुंबईत मिशनऱ्यांनी तोच पक्ष धरला आणि शाळेची इमारत जुन्या चर्चकडे सोडून देऊन पुन्हा भाड्याच्या जागेपासून सुरुवात केली. नवी इमारत झाली १८५५ ला, खेतवाडीत. तुमचे खापरपणजोबा खेतवाडीच्या शाळेत होते म्हणता ना? तीच ही शाळा. सालं अशी जुळतात की मला जागेवरून उठावं लागलं.

पुढचं पटापट सांगतो. फ्री चर्च १९०० साली दुसऱ्या एका स्कॉटिश चर्चशी एक होऊन युनायटेड फ्री झालं. इथे १९०४ ला भारतीय प्रेस्बिटेरियन चर्च असं नाव आलं. १९२४ ला आमची अमेरिकन मंडळी आणि तुमची स्कॉटिश मंडळी यांची सोयरीक होऊन उत्तर हिंदुस्थानचं संयुक्त चर्च झालं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सी. एन. आय. जन्माला आलं आणि त्यात आपण सगळे गेलो, बिशपवाले इंग्लंडच्या चर्चचे लोकही. फिरस्त्यांचं सेंट अँड्र्यूजही आज सी. एन. आय.च आहे. तेव्हा त्या गृहस्थांचं 'काही नाही' हे पाटीपुरतं खरं होतं. पाट्या बदलतात, पण वह्या कपाटात जुन्याच नावाने बसलेल्या असतात. 'प्रेस्बिटेरियन' विचारू नका, 'आंब्रोलीची फ्री चर्चची दप्तरं' विचारा.

तुळशीचं सांगायचं राहिलं. शास्त्रातल्या 'निर्गम' पुस्तकाचा तिसरा अध्याय काढा. मोशेला दिसलेलं झुडूप, जळतंय पण भस्म होत नाही. प्रेस्बिटेरियनांची ती निशाणी आहे, खाली लॅटिनमध्ये 'तरीही जळून गेले नाही' अशा अर्थाची ओळ असते. चिठोरी भिंगाखाली धरा, अक्षरं दिसतील. आजी का हसली असेल ते कळलं.

चित्रकलेच्या बाई

काका, भिंग धरलं. ओळ आहे! झिजलीय, पण शेवटची अक्षरं स्पष्ट आहेत. रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी मुलाला उठवून दाखवलं.

आजी सेंट कोलंबा शाळेत शिकलेली. त्याचाही याच्याशी काही संबंध?

जुना जुळारी

आहे तर. विल्सनबाईंनी, म्हणजे मार्गारेट विल्सननी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, त्या परंपरेतली ती शाळा. बाई १८३५ ला इथेच वारल्या, अवघी सहा वर्षं मिळाली त्यांना. त्या काळी मिशनऱ्यांच्या बायका-मुलांची हयात वर्षांत मोजायची, दशकांत नाही.

स्पष्टवक्ता

सगळं छान चाललंय, पण ती मुलं फूस लावून बाटवली गेली हे कोणी बोलणार आहे का? ज्या आईने खांब धरला तिची बाजू कोण मांडणार?

चित्रकलेच्या बाई

दादा, तिची बाजू आमच्याच घरात दीडशे वर्षं मांडली जाते आहे. खांबाची गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळली ना?

जुना जुळारी

स्पष्टवक्ते, प्रश्न रास्त आहे आणि त्या काळीही तो कोर्टात गेला होता. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सगळा पारशी समाज उलटला, प्रकरण कोर्टात गेलं, शाळेतली बाकं रिकामी झाली. धनजीभाई पुढे एडिंबरोला शिकून पाळक झाले. १८४३ ला नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. तो अजाण म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिला. मग प्रश्न उभा राहिला की याला परत जातीत घ्यायचं कसं. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणून पुढाकार घेतला, तर सनातनी त्यांच्याच अंगावर आले. म्हणजे दार बाहेर जाताना उघडं आणि आत येताना बंद. ताईंच्या खापरपणजोबांना परत जावंसं वाटलं असतं तरी घडा फुटल्यावर गावात कोण घेणार होतं? फूस होती की पटलं होतं, हे त्यांनाच विचारायला हवं, आणि ते कुठे आहेत हेच तर शोधतोय.

खेतवाडीकर

मी ख्रिस्ती नाही, पण जन्म खेतवाडीतला म्हणून एक भर घालतो. डॉ. लिव्हिंग्स्टन, आफ्रिकेचे संशोधक, १८६४ साली मुंबईत आले होते. स्वतःची छोटी आगबोट हाकत थेट आफ्रिकेहून आले. सोबत आणलेले चुमा आणि विकाटानी हे दोन आफ्रिकन मुलगे त्यांनी विल्सनसाहेबांच्या शाळेत ठेवले. याच चुमाने पुढे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन गेल्यावर सुसी आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणला. बाई, तुमचे खापरपणजोबा त्या वेळी शाळेच्या आसपास असतील तर चुमाला त्यांनी पाहिलं असणार!

चित्रकलेच्या बाई

घरात म्हणायचे की ते नंतर तिथेच मास्तर झाले. अंगावर काटा आला. पण कबरस्तान?

जुना जुळारी

येतो. शिवडीचं कबरस्तान १८६० च्या दशकातलं, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर होते तेव्हाचं. त्याआधी तिथे बाग होती. गावातली जुनी दफनाची ठिकाणं भरत आली, वस्ती त्यांना भिडली, म्हणून लांब शिवडीला जागा केली. पुढे बहुतेक सगळे तिकडेच गेले. बोरीबंदर बांधणारे स्टीव्हन्स तिथे आहेत, गेटवे ऑफ इंडियाचे विटेट तिथे आहेत. म्हणून १८७२ म्हटल्यावर कुणीही शिवडीच म्हणेल. फसाल. कारण विल्सनसाहेब १ डिसेंबर १८७५ ला मलबार हिलवरच्या घरी वारले, आणि त्यांना ठेवलं ते जुन्या स्कॉटिश दफनभूमीत. म्हणजे शिवडी सुरू झाली तरी स्कॉटिश मंडळींची आपली जुनी जागा वापरात होती. शास्त्रातली 'स्काच कबरस्तान' ही ओळ खरी धरा.

दगडाची आशा मात्र कमी ठेवा. एक कारण पैसा. मिशनच्या मास्तराचा पगार तो किती, आणि कोरीव दगड ही साहेबांची चैन. दुसरं कारण घराण्यातलंच आहे. प्रेस्बिटेरियन लोक मुळात दफनाचं अवडंबर न मानणारे. १६४५ च्या त्यांच्या उपासनापद्धतीत स्वच्छ लिहिलंय की मयत कबरीपर्यंत न्यावं आणि कसलाही विधी न करता पुरावं. मेलेल्यासाठी प्रार्थना नाही, कबरीजवळ गुडघे टेकणं नाही. जुन्या स्कॉटिश कबरींवर क्रूससुद्धा क्वचित दिसतो, तो त्यांना रोमन कॅथलिकांचा वाटे. मुंबईत सगळं इतकं कडक उरलं नाही, पण वळण तेच.

म्हणून दगड शोधू नका, वही शोधा. त्यांच्यात बिशप नसतो. मंडळीने निवडलेले 'वडील' आणि पाळक मिळून सेशन बसतं, आणि सेशनला सगळं लिहून ठेवायची खोड. प्रभुभोजनाला बसणाऱ्यांची यादी, कुणाचा दाखला कुठून आला, कुणाला समज दिली, कुणाला गरीब-निधीतून किती दिलं, दफनाला कोण होतं. लंडनच्या दप्तराच्या मागे आधी लागू नका, ते प्रामुख्याने सरकारी चॅप्लेनांच्या वह्यांचं. मिशनची पत्रं, अहवाल एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, तेही नंतर. १८४२ पासूनच्या 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकात मृत्युवार्ता येत, ते जून-जुलै १८७२ चे अंक कुठे मिळाले तर चाळा.

आणि कार्यालयात जाऊ नका. रविवारी उपासनेला जा, शेवटच्या गीतापर्यंत बसा, नंतर चहाला थांबा. सगळ्यांत म्हातारे वडील कोण ते आपोआप कळतं, कारण चहा त्यांना आधी देतात. किल्ली त्यांच्याकडे असते, किंवा ती कुणाकडे असते ते त्यांना ठाऊक असतं.

फोर्टातला फिरस्ता

काका, चूक कबूल. पुढच्या वॉकला दुरुस्ती करून सांगतो. बर्फघर मात्र सोडणार नाही.

चित्रकलेच्या बाई (पाच आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला. तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी चहा मिळाला, दुसऱ्या रविवारी किल्ली कुणाकडे आहे ते कळलं, तिसऱ्या रविवारी कपाट उघडलं. कुणाचं नाव लिहीत नाही, त्यांनी तसं सांगितलंय. पंच्याऐंशीच्या पुढचे गृहस्थ, कोपरापर्यंत बाह्या दुमडून स्वतः वह्या उतरवत होते. कापडी बांधणीच्या वह्या, कसरीने जाळी केलेल्या, पानं उलटताना हळदीसारखी भुकटी पडते. फोटो काढायचा नाही, पण बसून उतरवून घ्या म्हणाले. मला तेच जमतं.

नोंद इंग्रजीत आहे. नाव, वय ३२, धंदा शिक्षक, मरणाचं कारण पटकी (कॉलरा), दफनाची जागा स्कॉटिश. तारीख जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली. बाप्तिस्म्याच्या वहीतही सापडले. तिथे वडिलांच्या नावाचा रकाना भरलेला आहे, गाव, तालुका, सगळं. ज्यांनी घडा फोडला त्यांचं पूर्ण नाव यांनी सही करताना दिलंय, गाळलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. दफनाच्या वहीत त्यांच्या वरची ओळ दोन दिवस आधीची आहे. आडनाव आमचंच. मुलगी, वय वर्षं ४, कारण पटकी.

आमच्या शास्त्रात ही मुलगी नाही. आजीच्या बोलण्यात कधी आली नाही. पणजोबांना मोठी बहीण होती हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी ती ओळ वाचली, मग वही बंद करून जरा बसले. त्या गृहस्थांनी काही विचारलं नाही, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

दोन्ही नोंदींच्या शेजारी समासात एक बारीक मजकूर आहे, दोन ओळी मिळून एकच कंस काढलेला. देवनागरी नाही, मोडी आहे. मला मोडीचं अक्षर कळत नाही, म्हणून चित्र उतरवतात तसं उतरवलं. जाड-बारीक दाब, शाई कुठे संपली, टाक पुन्हा कुठे बुडवला, सगळं जसंच्या तसं. खाली जोडलंय. कुणी वाचून देईल का?

जुना जुळारी

ताई, काय हात आहे तुमचा. कारकुनाची घाईसुद्धा उतरली आहे. मी मोडी वडिलांकडून शिकलो, आता नजर साथ देत नाही, नातवाकडून पडद्यावर मोठं करून घेतलं. असं आहे :

'बाप लेकीची खणावळ व लाकडी पाटी एक मिळोन रुपये दोन आणे सहा, सेशनाकडून. दगड पुढे करणे.'

खणावळ म्हणजे खड्डा खणायची मजुरी. पाटी दोघांत एकच घातलेली दिसते. जागा शेजारी असावी, किंवा एकच.

खेतवाडीकर

जूनमध्ये लाकडाची पाटी. दोन पावसाळे टिकली असेल तर नशीब.

चित्रकलेच्या बाई

काका, शेवटचा शब्द 'करणे' आहे की 'केले'? तिथे शाई पसरली होती, माझ्याकडून उतरवताना चूक झाली असेल. कृपया पुन्हा एकदा बघाल?

जुना जुळारी

बघितलं. नातवालाही बसवलं शेजारी, भिंगही घेतलं. 'करणे'च आहे, ताई.